जेम्स ड्यूअर

सर जेम्स ड्यूअर (२० सप्टेंबर, १८४२:किंकार्डिन, स्कॉटलंड - २७ मार्च, १९२३:लंडन, इंग्लंड) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. अतिशीत तापमानाला पदार्थांच्या गुणधर्मांत होणारे बदल, १८९२ साली तयार केलेले निर्वात-वेष्टित पात्र (ड्यूअर पात्र) आणि १८९८ साली घडवून आणलेले हायड्रोजनचे द्रवीकरण यांसाठी ते ओळखले जातात. चहा गरम ठेवण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा थर्मास हे त्यांच्या पात्राचेच व्यापारी रूप होय.

हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांत इंधन कोठे व कसे साठवावे, या प्रश्नाच्या इतिहासात ड्यूअर यांना विशेष स्थान आहे. वायू उच्च दाबाखाली टाकीत भरणे हा मार्ग वगळला, तर द्रवरूपात साठवणे, धातूत शोषून घेणे आणि थंड केलेल्या सच्छिद्र कार्बनवर धरून ठेवणे हे तीन मार्ग आज प्रामुख्याने अभ्यासले जातात. या तिन्हींवर ड्यूअर यांनी प्रयोग केले होते. मोटारगाडीचे इंधन हा विषय मात्र त्यांच्यापुढे नव्हता.

बालपण व शिक्षण

ड्यूअर यांचा जन्म फोर्थ नदीच्या काठावरील किंकार्डिन या गावी झाला. वडील टॉमस ड्यूअर यांची गावात खाणावळ व मद्यविक्रीचा व्यवसाय होता. भावंडांत जेम्स सर्वांत धाकटे होते. वयाच्या दहाव्या वर्षी गोठलेल्या पाण्यावर खेळत असताना बर्फ फुटून ते आत पडले. त्यानंतर जडलेल्या संधिवाताच्या तापामुळे त्यांना सुमारे दोन वर्षे शाळेत जाता आले नाही. या काळात गावातील सुताराकडे बसून ते व्हायोलिन बनवण्यास शिकले. प्रयोगासाठी लागणारी नाजूक उपकरणे जुळवण्याचे जे कौशल्य पुढे त्यांच्या अंगी दिसले, त्याचे श्रेय ते स्वतः या आजारपणातील सुतारकामाला देत असत. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांचे आईवडील दोघेही वारले. डॉलर अकादमीत शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी एडिंबरा विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे जेम्स फोर्ब्ज व लायन प्लेफेअर हे त्यांचे शिक्षक होते व पुढे प्लेफेअर यांचे साहाय्यक म्हणून ते काम करू लागले.

१८६७ साली त्यांनी बेंझिनच्या रेणूची संभाव्य रचना दाखवण्यासाठी पितळी पट्ट्यांचे एक साधन तयार केले. ते पाहून आउगुस्ट केकुले यांनी त्यांना घेंट येथील आपल्या प्रयोगशाळेत एका उन्हाळ्यासाठी बोलावून घेतले. १८७१ मध्ये त्यांचा हेलन रोझ बँक्स यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

पॅलेडियम आणि हायड्रोजन

ड्यूअर यांचा हायड्रोजनशी पहिला संबंध एडिंबऱ्यातच आला. टॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले होते की, पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेकडा पट हायड्रोजन शोषून घेतो. धातूत शिरलेला हायड्रोजन हाही एक धातूच असावा असे मानून ग्रॅहम यांनी त्याला हायड्रोजेनियम असे नाव दिले. हायड्रोजन शोषताना पॅलेडियमची पट्टी कशी वाकते, यावर ड्यूअर यांनी १८६९ साली टिपण सादर केले आणि पुढील काही वर्षांत या शोषलेल्या हायड्रोजनची घनता व विशिष्ट उष्णता मोजण्याचा प्रयत्न केला.

हे मापन करताना उष्णता बाहेर जाऊ नये किंवा बाहेरून आत येऊ नये म्हणून त्यांनी दुहेरी भिंतींचे पितळी भांडे वापरले आणि त्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. वीस वर्षांनी जगप्रसिद्ध झालेल्या पात्राचे मूळ असे धातूत साठवलेल्या हायड्रोजनच्या अभ्यासात आहे. ड्यूअर यांच्या चरित्रात या गोष्टीचा उल्लेख बहुधा ओझरताच येतो.

धातूत हायड्रोजन साठवण्याची कल्पना वाहनांपर्यंत पोहोचायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. १९८० च्या दशकात डाइमलर-बेंझ कंपनीने पश्चिम बर्लिनमध्ये धातूच्या हायड्राइडवर चालणाऱ्या गाड्यांची चाचणी घेतली. साठवण सुरक्षित होती व दाबही कमी होता, परंतु टाकीचे वजन हीच मोठी अडचण ठरली. शंभर किलो धातूने धरून ठेवलेला हायड्रोजन जेमतेम एक-दोन किलो भरत असे. पाणबुडीला वजनाची तेवढी चिंता नसते. त्यामुळे जर्मन बनावटीच्या २१२ वर्गाच्या पाणबुड्यांत हीच पद्धत यशस्वी झाली.

केंब्रिज व रॉयल इन्स्टिट्यूशन

१८७५ मध्ये ड्यूअर यांची केंब्रिज विद्यापीठात जॅक्सोनियन प्राध्यापक म्हणून आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्राचे फुलेरियन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ही दोन्ही पदे त्यांनी मृत्यूपर्यंत सांभाळली. केंब्रिजमध्ये जॉर्ज लिव्हिंग यांच्यासह त्यांनी वर्णपटविज्ञानात दीर्घकाळ संशोधन केले, तरी त्यांचे मन रमले ते लंडनच्या तळघरातील प्रयोगशाळेत. मायकेल फॅरडे यांनी अनेक वायू द्रवरूपात आणले होते, ते याच संस्थेत.

फॅरडे यांना दाद न देणाऱ्या वायूंना त्या काळी कायम वायू म्हटले जाई. ऑक्सिजन, नायट्रोजन व हायड्रोजन हे त्यांपैकी प्रमुख. १८७७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये लुई कायेते आणि स्वित्झर्लंडमध्ये राउल पिक्ते यांनी ऑक्सिजनचे तुषार मिळवल्याचे जाहीर केले. १८८३ मध्ये क्राकूव्ह येथे झिग्मुंट व्रुब्लेव्स्की व कारोल ओल्शेव्स्की यांनी ऑक्सिजन व नायट्रोजन शांतपणे उकळणाऱ्या द्रवाच्या रूपात मिळवले. हायड्रोजनचे मात्र क्षणभर टिकणारे धुके तेवढे हाती लागले. धुके पाहणे वेगळे आणि भांड्यात ओतता येईल असा द्रव मिळवणे वेगळे. ड्यूअर यांनी दुसरे ध्येय समोर ठेवले.

या कामात धोका मोठा होता. १८८६ साली झालेल्या एका स्फोटात स्वतः ड्यूअर जखमी झाले. रॉबर्ट लेनॉक्स व जे. डब्ल्यू. हीथ या त्यांच्या दोन साहाय्यकांना वेगवेगळ्या अपघातांत प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला. उच्च दाबाखालील वायू, कमकुवत जोड आणि ज्वालाग्राही हायड्रोजन यांची किंमत या दोघांनी मोजली. शोधनिबंधांवर मात्र नाव एकट्या ड्यूअर यांचे असे.

याच सुमारास सरकारच्या स्फोटक द्रव्यांविषयीच्या समितीवर काम करताना त्यांनी फ्रेडरिक एबल यांच्यासह कॉर्डाइट हे धूररहित स्फोटक तयार केले (१८८९). त्याच्या एकस्वावरून आल्फ्रेड नोबेल यांच्याशी झालेला न्यायालयीन वाद १८९५ मध्ये नोबेल यांच्या विरोधात संपला.

निर्वात पात्र

द्रव ऑक्सिजन बनवता आला तरी तो टिकत नसे. काचेच्या साध्या भांड्यात तो खळखळून उकळत राही आणि भांड्यावर बाहेरून दव गोठल्याने आतले काही दिसतही नसे. १८९२ मध्ये ड्यूअर यांनी काचेच्या एका भांड्यात दुसरे भांडे बसवून त्यांची तोंडे वितळवून जोडली आणि मधल्या पोकळीतील हवा काढून टाकली. हवाच नसल्यामुळे वहन व अभिसरण या दोन्ही मार्गांनी येणारी उष्णता अडली आणि बाष्पीभवनाचा वेग सुमारे एकपंचमांशावर आला. उरलेली उष्णता प्रारणाने येत होती. ती परत फिरवण्यासाठी पोकळीच्या आतील पृष्ठभागांवर चांदीचा मुलामा देण्यात आला आणि बाष्पीभवन आणखी कितीतरी पटींनी घटले. जानेवारी १८९३ मध्ये हे पात्र व्याख्यानात दाखवण्यात आले.

ड्यूअर यांनी पात्राचे एकस्व घेतले नाही. बर्लिनमधील काचउपकरणांचे निर्माते राइनहोल्ट बुर्गर यांनी त्याला धातूचे बाह्य आवरण बसवून घरगुती वापरास योग्य केले आणि १९०४ पासून ते थर्मास या नावाने विकले जाऊ लागले. ड्यूअर यांना त्यातून काहीही मिळाले नाही.

काच ठिसूळ असल्याने मोठी पात्रे बनवणे अवघड होते. धातूच्या भिंतींतून सूक्ष्म प्रमाणात वायू पाझरत राहतो व निर्वात बिघडतो. यावर ड्यूअर यांनी काढलेला उपाय त्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाचा शोध मानला जातो. नारळाच्या करवंटीचा कोळसा थंड केला की तो वायू मोठ्या प्रमाणावर स्वतःवर धरून ठेवतो, हे त्यांनी १९०४-०५ च्या सुमारास पद्धतशीर मोजले. एक घन सेंटिमीटर कोळसा ०° से. तापमानाला सुमारे ४ घन सेंटिमीटर हायड्रोजन धरतो. तोच −१८५° से. तापमानाला सुमारे १३५ घन सेंटिमीटर धरतो. असा कोळसा पोकळीत ठेवला की पाझरलेला वायू तोच गोळा करी आणि निर्वात टिकून राही. त्यामुळे पितळ, तांबे यांसारख्या धातूंची पात्रे बनवणे शक्य झाले. द्रव हायड्रोजन वाहून नेणाऱ्या आजच्या टाक्या याच घराण्यातल्या आहेत. थंड कार्बनवर हायड्रोजन साठवण्याच्या सध्याच्या संशोधनाचा आरंभही याच मापनांपाशी शोधता येतो.

हायड्रोजनचे द्रवीकरण

दाबाखालील वायू अरुंद छिद्रातून बाहेर सोडला की बहुतेक वायू थंड होतात. जूल-टॉमसन परिणाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गुणावर कार्ल फॉन लिंडे व विल्यम हॅम्पसन यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची यंत्रे रचली. हॅम्पसन यांनी आपली कल्पना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील लोकांना सांगितल्याचा दावा केला आणि त्यावरून ड्यूअर यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला.

हायड्रोजन याबाबतीत उलट वागतो. सामान्य तापमानाला तो छिद्रातून बाहेर पडताना किंचित तापतो. सुमारे −७०° से. या व्यस्तन तापमानाच्या खाली नेल्यावरच तो थंड होऊ लागतो, आणि उपयोगी पडेल इतके शीतन हवे असेल तर त्याहून बरेच खाली जावे लागते. म्हणून ड्यूअर यांनी १८० वातावरण दाबाखालील हायड्रोजन आधी द्रव हवेच्या साहाय्याने −२०५° से. पर्यंत थंड केला आणि मग तो चांदीचा मुलामा दिलेल्या निर्वात पात्रात नळीच्या टोकातून सोडला. १० मे, १८९८ रोजी सुमारे पाच मिनिटांत २० घन सेंटिमीटर द्रव हायड्रोजन खालच्या पात्रात जमा झाला. त्यानंतर वायूत मिसळलेली थोडी हवा गोठून नळी तुंबली व प्रयोग थांबला. यंत्रातून गेलेल्या हायड्रोजनपैकी जेमतेम शंभरावा भाग द्रवरूप झाला होता.

हा द्रव धातूसारखा चकाकणारा असेल अशी ग्रॅहम यांच्या काळापासूनची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो पाण्यासारखा स्वच्छ व रंगहीन निघाला. मात्र त्याची घनता पाण्याच्या सुमारे चौदाव्या भागाइतकीच होती. त्याचा उत्कलनबिंदू ठरवताना एक घोटाळा झाला. जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांच्यासह ड्यूअर यांनी शुद्ध धातूंचा विद्युत रोध तापमानाबरोबर कसा घटतो याचा अभ्यास केला होता. त्या आधारे प्लॅटिनमच्या तारेने त्यांनी −२३८° से. हे तापमान काढले. एवढ्या थंडीत रोध पूर्वीच्या प्रमाणात घटत नाही, हे वायू-तापमापकाने पडताळल्यावर लक्षात आले आणि आकडा −२५३° से. च्या जवळ सुधारण्यात आला. १८९९ मध्ये द्रवावरील दाब कमी करून त्यांनी घन हायड्रोजनही मिळवला.

ड्यूअर यांनी आपल्या यंत्राची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली नाही. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांना स्वतंत्रपणे दुसरे यंत्र उभारावे लागले. त्यांनी त्याचे वर्णन खुलेपणाने छापले. हेच ट्रॅव्हर्स पुढे जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

हेलियम व एकाकीपण

हायड्रोजननंतर फक्त हेलियम उरला होता. हेलियमचा पुरवठा व त्याविषयीचे ज्ञान रॅम्झी यांच्याकडे होते आणि ड्यूअर व रॅम्झी यांचे संबंध जाहीर वादांमुळे पूर्णपणे बिघडले होते. बाथ येथील झऱ्यांतून निघणाऱ्या वायूतून ड्यूअर यांनी हेलियम मिळवला, परंतु त्यात मिसळलेला निऑन गोठून झडपा अडवत राहिला. हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामर्लिंग ओनेस यांनी मोठी, सुसज्ज प्रयोगशाळा व प्रशिक्षित कारागीर यांच्या बळावर १० जुलै, १९०८ रोजी हेलियम द्रवरूप केला. त्यासाठी लागणारा द्रव हायड्रोजन आणि निर्वात पात्रे ही दोन्ही ड्यूअर यांचीच देणगी होती. १९१३ चे नोबेल पारितोषिक ओनेस यांना मिळाले. ड्यूअर यांचे नाव अनेकदा सुचवले जाऊनही त्यांना ते मिळाले नाही. अनेक वर्षे साथ दिलेले लेनॉक्स हेही याच सुमारास त्यांना सोडून गेले.

ड्यूअर यांचा स्वभाव तापट व संशयी होता. शिष्यपरंपरा निर्माण करण्याकडे त्यांचा कल नव्हता. असे असले तरी त्यांची शुक्रवारची सायंकालीन व्याख्याने लंडनमध्ये अत्यंत लोकप्रिय होती. द्रव हायड्रोजनवर व्याख्यान देतानाचे त्यांचे हेन्री जेमिन ब्रूक्स यांनी काढलेले चित्र (१९०४) रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात शीत तापमानाचे खर्चिक प्रयोग थांबल्यावर त्यांनी साबणाचे फुगे व पातळ पापुद्रे यांचा अभ्यास हाती घेतला. २७ मार्च, १९२३ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सन्मान

ड्यूअर १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. या संस्थेची रम्फर्ड (१८९४), डेव्ही (१९०९) व कोप्ली (१९१६) ही पदके त्यांना मिळाली. १९०२ मध्ये ते ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९०४ मध्ये त्यांना सर हा किताब देण्यात आला.

वाहनांतील हायड्रोजन साठवण

एक किलो हायड्रोजनमधून सुमारे १२० मेगाजूल ऊर्जा मिळते, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट. अडचण जागेची आहे. ७०० बार दाबाखाली एक लिटर जागेत जेमतेम ४० ग्रॅम हायड्रोजन मावतो. द्रवरूपात सुमारे ७१ ग्रॅम मावतो. सध्याच्या बहुतेक मोटारगाड्यांत पहिला मार्ग वापरला जातो. २०१४ मध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा मिराईत कार्बन तंतूंनी गुंडाळलेल्या टाक्यांत सुमारे ५ किलो वायू असे. अशी टाकी काही मिनिटांत भरताना आतला वायू दाबला जाऊन तापतो आणि छिद्रातून जाताना तापण्याचा हायड्रोजनचा स्वभावही त्यात थोडी भर घालतो. टाकीचे तापमान ८५° से. च्या वर जाऊ देता येत नाही, म्हणून पंपावर हायड्रोजन सुमारे −४०° से. पर्यंत आधीच थंड करून मग भरला जातो. ड्यूअर यांना ज्या कारणासाठी पूर्वशीतन करावे लागले त्याहून हे कारण बरेचसे वेगळे आहे. पण थंड केल्याशिवाय हायड्रोजन हाताळता येत नाही, हा अनुभव तोच.

दुसऱ्या मार्गात ड्यूअर पात्र थेट गाडीत बसते. बीएमडब्ल्यूच्या हायड्रोजन ७ या सुमारे शंभरच बनलेल्या गाडीत (२००६-०७) निर्वात व अनेक परावर्तक थरांनी वेष्टिलेल्या टाकीत सुमारे ८ किलो द्रव हायड्रोजन असे. गाडी सुमारे १७ तास उभी राहिली की वाढलेल्या दाबामुळे बाष्प बाहेर सोडणे भाग पडे आणि अर्धी भरलेली टाकी नऊएक दिवसांत रिकामी होई. शिवाय हायड्रोजन द्रवरूप करण्यातच त्याच्या ऊर्जेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वीज खर्च होते.

या बाष्पीभवनाचे एक कारण ड्यूअर यांना कळणे शक्यच नव्हते. हायड्रोजनचे रेणू ऑर्थो व पॅरा अशा दोन प्रकारचे असतात, हे त्यांच्या मृत्यूनंतर, १९२७ ते १९२९ या काळात स्पष्ट झाले. सामान्य हायड्रोजनमध्ये तीन चतुर्थांश रेणू ऑर्थो असतात. द्रव झाल्यावर ते हळूहळू पॅरा प्रकारात बदलतात आणि त्यात सुटणारी उष्णता बाष्पीभवनाला लागणाऱ्या उष्णतेपेक्षाही अधिक असते. म्हणजे पात्र कितीही निर्दोष असले तरी त्यातला बराच हायड्रोजन आतल्या आत निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच उडून जातो. कार्ल बोनहोफर व पाउल हार्टेक यांनी १९२९ मध्ये हा बदल झटपट घडवून आणला तो थंड कोळशाच्या साहाय्याने. आता द्रवीकरण करतानाच उत्प्रेरक वापरून हायड्रोजन पॅरा रूपात आणला जातो.

सतत चालणाऱ्या वाहनांत बाष्पीभवनाचा तोटा कमी जाणवतो, कारण उडालेले बाष्प लगेच इंधन म्हणून खर्च होते. त्यामुळे द्रव हायड्रोजन प्रथम अग्निबाणांत रुळला. भारताच्या जीएसएलव्हीचा वरचा टप्पाही त्यावरच चालतो. मे २०२३ मध्ये जपानमधील फुजी येथील २४ तासांच्या शर्यतीत टोयोटाची द्रव हायड्रोजनवरील कोरोला धावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डाइमलरच्या मालमोटारीने ८० किलो द्रव हायड्रोजनच्या एका भरणीत जर्मनीतील व्योर्थ ते बर्लिन या मार्गे १,०४७ किलोमीटर अंतर कापले. लिंडे यांनी स्थापन केलेल्या कंपनीसह डाइमलरने विकसित केलेल्या भरणी पद्धतीत पंपाने द्रवाचा दाब वाढवून तो टाकीत सोडला जातो. त्यामुळे टाकीत असलेले बाष्प पुन्हा द्रवात विरते, ते परत नेण्यासाठी वेगळी नळी लागत नाही, आणि टाकी दहा ते पंधरा मिनिटांत भरते.